विश्लेषण : रक्तातला परजीवी कोट बदलतो कसा? ‘चरबीच्या नांगरा’ची करामत काय?

२००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. रक्तात सापडला ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’. उंट, घोडे, गुरांना ‘सर्रा’ रोग देणारा हा एकपेशीय परजीवी माणसात आढळल्याची ही भारतातील पहिली खात्रीशीर नोंद. ताप असा येऊन-जाऊन का, याचे उत्तर परजीवीच्या कोटात आहे.

कोट कशावर टिकतो?

या कोटाचा सखोल अभ्यास इव्हान्सीच्या आफ्रिकी भाऊबंदावर, म्हणजे निद्रारोग पसरवणाऱ्या ‘ट्रिपॅनोसोमा ब्रुसी’वर झाला. त्याच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीने उभे असतात. पेशीपटलाच्या आरपार मात्र त्यातला एकही जात नाही. प्रत्येकाच्या बुडाशी साखरेची छोटी साखळी आणि तिच्या टोकाला मेदाम्लाच्या दोन शेपट्या असतात. या शेपट्या पटलाच्या फक्त बाहेरच्या थरात रुतलेल्या असतात. हाच ‘जीपीआय’ नांगर. १९८८ मध्ये त्याची संपूर्ण रचना उलगडली, तीही याच परजीवीत. त्यातले मेदाम्ल मायरिस्टिक, म्हणजे ज्याला जायफळाच्या शास्त्रीय नावावरून नाव मिळाले तेच.

त्याचा फायदा काय?

नांगर उथळ असल्याने कोट पटलावर सहज सरकतो. शरीराची प्रतिपिंडे कोटाला चिकटली, की पुढे पोहणाऱ्या परजीवीच्या अंगावरून ती प्रवाहाने मागे ढकलली जातात आणि कशाभिकेच्या बुडाशी असलेल्या खळगीतून काही मिनिटांत गिळली जातात. जर्मन संशोधकांनी २००७ मध्ये हे दाखवले. प्रतिपिंडे फार वाढली, की ही सफाई अपुरी पडते आणि परजीवी मरतात. पण तोवर काहींनी वेगळ्या प्रथिनाचा कोट चढवलेला असतो. ते वाढतात आणि ताप परततो.

मग अन्न घेणारे ग्राही कुठे?

ते उघड्यावर ठेवणे परवडणारे नाही, कारण ते कोटासारखे सतत बदलता येत नाहीत. म्हणून लोह मिळवणारा ट्रान्सफेरिन-ग्राही त्याच खळगीत दडलेला असतो. त्याची जागा ठरवण्यात नांगरांची संख्या महत्त्वाची असल्याचे प्रयोगांत दिसले. कोटाचे प्रथिन जोडीने असते, म्हणून त्याला दोन नांगर आणि जागा पृष्ठभागावर. ट्रान्सफेरिन-ग्राहीला एकच, तो खळगीत. एकही नसेल, तर रवानगी पेशीच्या पचनकोशाकडे. पत्ता लिहायची पद्धत म्हणून ही फारच काटकसरी!

खळगीतला आणखी एक ग्राही हिमोग्लोबिन पकडतो. त्याच वाटेने माणसाच्या रक्तातले ‘अपोएल१’ हे प्रथिन आत शिरते आणि पचनकोशाला भोके पाडून परजीवीला मारते. म्हणून गुरांचा हा रोग सहसा माणसाला होत नाही. चंद्रपूरच्या रुग्णात ‘अपोएल१’ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तो सुरामिन या जुन्या औषधाने बरा झाला.

नांगरावरच औषध का नाही?

नांगर बनवता आला नाही, तर रक्तातला ब्रुसी जगत नाही. पण माणसाच्या पेशीही याच धर्तीचे नांगर वापरतात. तांबड्या पेशींना स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेपासून वाचवणारी प्रथिने त्यावरच बसतात. परजीवीची नांगर घडवणारी एन्झाइम्स मात्र आपल्याहून थोडी वेगळी आहेत. औषधासाठी प्रयत्न चालू आहेत ते त्या थोड्याशा फरकावर.