ईदचा थंडावा: आंबा-चिकूचे थरांचे आइस्क्रीम

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून ईद सगळ्या ऋतूंतून फिरत राहते. सध्या काही वर्षे बकरी ईद आंब्याच्या दिवसांत येत आहे. बिर्याणीनंतर पाहुण्यांना थंड काहीतरी हवेच असते.

पण अडचण फ्रीझरची. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत फ्रीज एकच, आणि ईदला त्याचा फ्रीझर कुर्बानीच्या गोश्तने भरलेला. एके वर्षी मी आइस्क्रीमचा डबा नुसती ताटली झाकून त्यातच ठेवला. दूध-मलईतील स्निग्धांश भोवतीचा वास पटकन ओढून घेतो. पहिल्याच घासाला नणंदेने चमचा खाली ठेवला, मला मान वर करवेना.

समोरच्या काकूंना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, आमचा फ्रीझर रिकामाच असतो की!" काकू शाकाहारी. मग मी ठरवले, त्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचे ते त्यांनाही निःशंक खाता आले पाहिजे. म्हणून यात अंडे नाही आणि जिलेटीनही नाही. जिलेटीन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. ते त्यांना चालत नाही आणि हलालची खात्री नसेल तर आपल्यालाही नाही.

साहित्य: व्हॅनिला आइस्क्रीम ७०० मि.ली., हापूस ३, चिकू ५, साखर ३ चमचे, ताजी मलई ४ चमचे, नानखटाई ८, साजूक तूप २ चमचे, थोडे पिस्ते-बदाम.

आइस्क्रीम घेताना पाकीट वाचा. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिले असेल तर त्यात वनस्पती तेल असते. आइस्क्रीममध्ये दुधाचाच स्निग्धांश असतो.

दीड लिटरच्या चौकोनी डब्यात बटर पेपर असा घाला की त्याची टोके बाहेर राहतील. नानखटाईचा चुरा तुपात कालवून तळाशी दाबा. आंब्याच्या गरात निम्मी साखर व निम्मी मलई घोटून त्यावर पसरा आणि दीड तास गोठवा. फळात पाणी जास्त, त्यामुळे नुसता गर दगडासारखा गोठतो. साखर आणि मलईने तो मऊ राहतो. मग निम्मे आइस्क्रीम पसरा आणि पुन्हा तासभर गोठवा. त्यावर उरलेली साखर-मलई घालून कुस्करलेल्या चिकूचा थर द्या. तोही दीड तास गोठला की उरलेले आइस्क्रीम आणि सुका मेवा घाला. घट्ट झाकण लावून रात्रभर ठेवा.

घाई करू नका. खालचा थर घट्ट झाल्याशिवाय वरचा घातला तर रंग एकमेकांत मिसळतात. आइस्क्रीम पसरण्यापुरतेच मऊ करा. पूर्ण वितळले तर त्यातली हवा निघून जाते आणि पुन्हा गोठवल्यावर बर्फाचे खडे लागतात.

वाढताना कागदाची टोके धरून वडी बाहेर काढा आणि गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने कापा. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्या ताटलीत पातळशी एकच फोड. "एवढीशीच?" असे त्या दरवर्षी विचारतात.

गेल्या ईदला डबा आणायला गेले, तेव्हा काकूंच्या नातवाने दारातच ताटली पुढे केली. पहिली फोड तिथेच कापली. घरी डबा थोडा रिकामा आला, पण कोणी तक्रार केली नाही.