नगरसभेतून विधिमंडळाकडे : सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची वाटचाल

सियालदह हे कलकत्ता शहराचे पूर्वेकडील प्रवेशद्वार होय. पूर्व बंगालकडे जाणारी आगगाडी १८६२ साली येथूनच सुरू झाली आणि १८६९ साली स्थानकाची भव्य इमारत उभी राहिली. स्थानकासमोरून दक्षिणोत्तर जाणाऱ्या रस्त्यास पूर्वी सर्क्युलर रोड म्हणत. या रस्त्याशी मराठी वाचकाचे एक जुने नाते आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या तेव्हा त्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी एक खंदक खणावयास घेतला. तो कधीच पुरा झाला नाही, आणि मराठेही तेथवर आले नाहीत. पुढे खंदकाचा मोठा भाग बुजवून त्याच रेषेवर हा रस्ता करण्यात आला. भोसल्यांचे भय इतिहासजमा झाले, तरी त्या भयाने आखलेली रेषा नगरपालिकेच्या कारभारात मात्र दीर्घकाळ टिकून राहिली. खंदकाच्या आत ते शहर आणि बाहेर ते उपनगर. दोघांचा कायदा निराळा, कारभार निराळा. १८८८ च्या कायद्याने उपनगरांचा मोठा भाग शहरास जोडला गेला तेव्हा कोठे ही रेषा पुसट झाली.

स्थानकापासून पश्चिमेस जो महात्मा गांधी मार्ग निघतो त्याचे पूर्वीचे नाव हॅरिसन रोड. सर हेन्री हॅरिसन हे कलकत्ता कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते. ते लोकांनी निवडलेले नव्हते. सरकारने नेमलेले सनदी अधिकारी होते. याच रस्त्याच्या सियालदहकडील टोकाशी एक जुने महाविद्यालय आहे. त्याचे मूळ नाव रिपन कॉलेज. स्वातंत्र्यानंतर त्यास सुरेंद्रनाथ कॉलेज असे नाव देण्यात आले. या तीन नावांत, म्हणजे हॅरिसन, रिपन आणि सुरेंद्रनाथ यांत, आपल्या देशातील स्थानिक स्वराज्याच्या आरंभीच्या इतिहासाचे तीन पक्ष एकत्र आलेले दिसतात. एक नेमलेला अधिकारी, एक उदार व्हाइसरॉय आणि एक लोकांनी निवडून दिलेला सभासद.

सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ रोजी कलकत्त्यास झाला. वडील दुर्गाचरण हे नामांकित डॉक्टर होते. १८६८ साली रमेशचंद्र दत्त व बिहारीलाल गुप्त यांच्यासमवेत ते विलायतेस गेले आणि सनदी नोकरीची परीक्षा उत्तीर्ण झाले. वयाबाबत हरकत घेऊन त्यांचे नाव यादीतून काढण्यात आले होते. न्यायालयात दाद मागून त्यांनी ते परत मिळविले. १८७१ साली सिल्हेट येथे त्यांची नेमणूक झाली. परंतु एका खटल्याच्या कागदपत्रांतील दोषावरून चौकशी होऊन १८७४ साली त्यांना बडतर्फ करण्यात आले. इंग्रज अधिकाऱ्याकडून असा दोष झाला असता तर समज देऊन भागविले असते, असे त्या काळी पुष्कळांस वाटले, आणि ते वाटणे निराधार नव्हते. दाद मागण्यासाठी ते पुन्हा विलायतेस गेले. तेथे काही साधले नाही. बॅरिस्टरीची सनदही नाकारण्यात आली. १८७५ साली ते परतले तेव्हा ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यांना आपल्या संस्थेत इंग्रजीच्या अध्यापनाचे काम दिले. अध्यापनाचाच हा धागा पुढे रिपन कॉलेजपर्यंत गेला.

सरकारी नोकरीचा दरवाजा बंद झालेल्या या गृहस्थास दुसरा दरवाजा १८७६ साली उघडा सापडला. त्या वर्षीच्या कायद्याने कलकत्ता कॉर्पोरेशनमध्ये ७२ सभासद ठेवण्यात आले आणि त्यांपैकी ४८ जणांची निवड करदात्यांनी करावयाची असे ठरले. उरलेले २४ सरकारनियुक्त असत. सुरेंद्रनाथ त्याच वर्षी सभासद झाले आणि पुढे २३ वर्षे त्या सभागृहात राहिले. त्या काळी सभासदांस 'कमिशनर' म्हणत. त्यामुळे जुने कागद वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. आजचा आयुक्त आणि तेव्हाचा कमिशनर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अध्यक्ष मात्र सरकारी असे आणि कारभाराची सर्व सूत्रे त्याच्या हाती असत. सभासदांनी पैसा मंजूर करावा, प्रश्न विचारावेत, समित्यांत बसावे. गटारे, पाणीपुरवठा, बाजार, दिवाबत्ती, करआकारणी हे विषय दिसावयास रुक्ष. पण राज्यकारभाराचे शिक्षण यांतूनच मिळते. अंदाजपत्रक कसे वाचावे, अधिकाऱ्याच्या टिपणातील पळवाट कशी हेरावी, पराभव निश्चित असतानाही मतदान का मागावे, हे सारे सुरेंद्रनाथ येथे शिकले.

१८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. नगरपालिका या केवळ कारभाराच्या सोयीसाठी नसून लोकशिक्षणाचे साधन म्हणून वाढवाव्यात, हे त्याचे सूत्र होते. १८८४ साली बंगालसाठी नवा नगरपालिका कायदा झाला व अनेक गावांस आपला अध्यक्ष स्वतः निवडण्याचा अधिकार मिळाला. सुरेंद्रनाथ बराकपूरनजीक राहावयास गेले होते. तेथील उत्तर बराकपूर नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि दीर्घकाळ राहिले. बराकपूरची गाडी सियालदह स्थानकात येते. अशा रीतीने एकच मनुष्य लोहमार्गाच्या एका टोकाला लहान गावाचा अध्यक्ष, दुसऱ्या टोकाला महानगराचा सभासद आणि स्थानकाजवळील महाविद्यालयाचा चालक होता. या दोन्ही सभागृहांतील अंतर त्याच्या नित्य अनुभवाचे होते. लहान गावाला आपला अध्यक्ष निवडता येत होता, राजधानीच्या शहराला नाही.

आता विधिमंडळाकडे वळू. १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने प्रांतांच्या कायदे कौन्सिलांतील सभासदसंख्या वाढविली. कायद्यात 'निवडणूक' हा शब्द योजण्याचे कटाक्षाने टाळलेले होते. काही संस्थांनी नावाची शिफारस करावी आणि सरकारने ती मान्य करावी, अशी ही योजना. या संस्था म्हणजे महानगरपालिका, इतर नगरपालिका, जिल्हा बोर्डे, विद्यापीठ आणि व्यापारी मंडळ. शब्द टाळला तरी वस्तू टळली नाही. शिफारस व्यवहारात निवडणूकच ठरली. १८९३ साली कलकत्ता कॉर्पोरेशनने सुरेंद्रनाथांस बंगालच्या कायदे कौन्सिलात पाठविले. ज्या सरकारने एकोणीस वर्षांपूर्वी त्यांस नालायक ठरवून घरी पाठविले होते, त्याच सरकारच्या कायदे करणाऱ्या सभेत ते प्रतिनिधी म्हणून बसले.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. आज नगरसेवक आमदार होतो तो पक्षाच्या उमेदवारीमुळे आणि मतदारांच्या मतांमुळे. नगरपालिकेतील त्याचे काम ही फार तर शिफारस असते. त्या काळी नगरपालिका हाच मतदारसंघ होता. लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबई कायदे कौन्सिलात गेले ते स्थानिक मंडळांचे प्रतिनिधी म्हणूनच. गोखल्यांचा क्रम काहीसा उलटा. ते आधी कौन्सिलात गेले आणि पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष मागाहून झाले. या जुन्या पद्धतीचा अवशेष महाराष्ट्रात अजून आहे. विधान परिषदेच्या ७८ सभासदांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून निवडावयाचे असतात. पश्चिम बंगालने आपली विधान परिषद १९६९ साली रद्द केली, त्यामुळे जेथे ही वाट प्रथम मळली तेथे ती आता उरलेली नाही.

कौन्सिलातील अधिकार मर्यादित होते. अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. प्रश्न विचारता येई, पण उत्तरावर उपप्रश्न करता येत नसे. या चिमूटभर अधिकारांची खरी कसोटी लवकरच लागली. १८९६ च्या नोव्हेंबरात सियालदहच्या दक्षिणेस लागून असलेल्या एंटाली येथे मैलापाण्याच्या नव्या कामाचा समारंभ झाला. लेफ्टनंट गव्हर्नर सर अलेक्झांडर मॅकेंझी यांनी त्या प्रसंगी कॉर्पोरेशनच्या सभासदांवर जाहीर टीका केली. येथे बोलणे फार आणि काम थोडे, असा तिचा मथितार्थ होता. गटाराच्या समारंभात स्वराज्यावर घाव घालण्यात आला, यात औचित्य होते की नव्हते हे वाचकांनीच ठरवावे. पाठोपाठ कॉर्पोरेशनचे अधिकार छाटणारे विधेयक आले. लॉर्ड कर्झन यांच्या हातून ते अधिकच कठोर झाले. ७५ सभासदांपैकी ५० करदात्यांनी निवडावयाचे होते. ती एकूण संख्या ५० वर आणून निवडलेल्यांची २५ केली. उरलेल्या पंचविसांपैकी १५ सरकारचे, १० युरोपीय व्यापारी मंडळांचे व बंदराचे, आणि अध्यक्ष सरकारचा. म्हणजे करदाते कायमचे अल्पमतात गेले.

टीकेत तथ्य अजिबात नव्हते असे म्हणता येणार नाही. वस्त्यांची दैना खरी होती, १८९८ साली प्लेग शहरात आला होता, आणि सभांतील भाषणे लांबत असत. परंतु रोग वस्त्यांत होता आणि औषध मतदाराला पाजले गेले. सुरेंद्रनाथांनी कौन्सिलात कलमाकलमास विरोध केला. प्रत्येक मतदानात हार होत गेली. अखेर १ सप्टेंबर १८९९ रोजी त्यांच्यासह २८ सभासदांनी कॉर्पोरेशनचे राजीनामे दिले आणि त्याच महिन्यात विधेयक संमत झाले. २३ वर्षांची नगरसेवा अशा रीतीने एका दिवसात संपली.

मधल्या वीस वर्षांचा वृत्तान्त वंगभंगाच्या इतिहासात येतो, तो येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. एवढे नोंदले पाहिजे की मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर बडतर्फ नोकरांस कौन्सिलाची बंदी झाली. सुरेंद्रनाथांपुरती ती उठविण्याची सरकारची तयारी होती, पण वंगभंग कायम असेतो आपण जाणार नाही असे त्यांनी कळविले. फाळणी १९११ साली रद्द झाल्यावर, १९१३ मध्ये, ते प्रांतिक व नंतर मध्यवर्ती कौन्सिलात गेले.

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. महसूल आणि पोलीस गव्हर्नरच्या हाती राहिले. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकप्रतिनिधींतून नेमलेल्या मंत्र्यांकडे आली. काँग्रेसने असहकार पुकारून निवडणुकीवर बहिष्कार घातला. सुरेंद्रनाथांनी तो मानला नाही. ते निवडून आले आणि १९२१ च्या जानेवारीत बंगालचे स्थानिक स्वराज्यमंत्री झाले. 'सर' ही पदवीही त्यांनी स्वीकारली. तरुण पिढीने त्यांस फितुरांत काढले. मंत्र्याचे ६४ हजार रुपयांचे वार्षिक वेतन हा तर सभांतून हमखास टाळ्या घेणारा विषय झाला. पण त्यांच्या दृष्टीने १८९९ चा हिशेब पुरा करण्याची हीच संधी होती, आणि ती त्यांनी साधली.

१९२३ चा कलकत्ता म्युनिसिपल ॲक्ट ही त्यांची कृती होय. सभागृहात ८५ कौन्सिलर आणि कौन्सिलरांनी निवडावयाचे ५ आल्डरमन ठेवण्यात आले. सरकारनियुक्त केवळ १० राहिले. सरकारी अध्यक्षाचे पद जाऊन सभागृहाने निवडलेला मेयर आला, आणि कारभार पाहणारा मुख्य अधिकारी नेमण्याचा हक्क सभागृहास मिळाला. स्त्रियांना मताधिकार देण्यात आला. काशीपूर-चितपूर, माणिकतला व गार्डन रीच हे भाग शहरास जोडण्यात आले. एका बाबतीत मात्र त्यांना नमते घ्यावे लागले. मुसलमानांसाठी राखीव जागा ठेवून मतदारसंघ संयुक्तच असावेत असे त्यांचे मत होते. कौन्सिलातील बळाबळ पाहून नऊ वर्षांपुरते विभक्त मतदारसंघ त्यांना मान्य करावे लागले. ही तडजोड त्यांना मनापासून पटलेली नव्हती. पण विधेयक गमवावे की कलम गमवावे, असा प्रश्न होता, आणि त्यांनी विधेयक वाचविले. १८९९ साली विरोधी बाकावर बसणाऱ्यास असा प्रश्न कधी पडला नव्हता.

त्याच वर्षाअखेर निवडणूक झाली. या वेळी चित्तरंजन दास यांचा स्वराज्य पक्ष रिंगणात होता. बराकपूरच्या मतदारसंघात त्या पक्षाच्या पाठिंब्याने एक ४१ वर्षांचे डॉक्टर उभे राहिले. राजकारणात ते अगदी नवखे होते. त्यांचे नाव बिधानचंद्र रॉय. ज्या परिसराची नगरपालिका सुरेंद्रनाथांनी चालविली होती, तेथील मतदारांनी त्यांचा पराभव केला. कायद्याचे गुणदोष या निवडणुकीत कोणी तपासले नाहीत. मत पडले ते असहकाराच्या बाजूने की विरुद्ध, एवढ्यावर. हा न्याय कठोर होता. मात्र अन्यायाचा होता असेही म्हणवत नाही, कारण मंत्रिपद स्वीकारताना या पारड्यात आपण तोलले जाऊ याची कल्पना त्यांच्यासारख्या जुन्या मुरब्ब्यास असलीच पाहिजे.

१ एप्रिल १९२४ पासून नवा कायदा अमलात आला. त्याखालील पहिल्या निवडणुकीत स्वराज्य पक्षास बहुमत मिळाले, चित्तरंजन दास कलकत्त्याचे पहिले मेयर झाले आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सत्तावीस वर्षांच्या सुभाषचंद्र बोस यांची नेमणूक झाली. बिधानचंद्रांचा मार्ग सुरेंद्रनाथांच्या उलट दिशेने गेला. आधी कौन्सिल, मग कॉर्पोरेशन. १९३१ साली ते मेयर झाले आणि १९४८ पासून १९६२ पर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. सुरेंद्रनाथांनी पराभवानंतर सार्वजनिक पदे सोडून आपल्या आठवणी लिहिल्या. त्या १९२५ साली प्रसिद्ध झाल्या, आणि त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी बराकपूर येथे त्यांचे निधन झाले.