उजेडाची टुणकन उडी!

ए, जरा जवळ ये. सांग बघू, उजेड कधी अडकून बसतो का?

बसतो! चक्क बसतो!

समज, काचेच्या बारीक तारा शेजारी शेजारी मांडल्या. एकीत उजेड सोडला. तो थोडा थोडा शेजारच्या तारेत झिरपतो, मग तिच्या शेजारच्या. पहिल्या बाकावरची कुजबुज बघता बघता शेवटच्या बाकावर जाते ना, अगदी तस्सं!

पण तारा एकसारख्या नसतील तर? एक जाड, एक बारीक, सगळा गबाळा कारभार! मग उजेड थोडा पुढे जातो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. का? उजेड म्हणजे लाटा. झोपाळा तू पुढून ढकललास आणि त्याच क्षणी दुसऱ्याने मागून, तर तो हलेल? गबाळ्या वाटांवर लाटाही अशाच एकमेकींना पुसून टाकतात. फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये हे ओळखलं, तेही इलेक्ट्रॉनबद्दल!

खरी धमाल पुढेच. तारा सारख्याच, पण प्रत्येकीला गळती! कुठे जास्त, कुठे कमी, मनाला येईल तशी. शास्त्रज्ञ याला ‘नॉन-हर्मिशियन’ म्हणतात. बाप रे! आपण आपलं ‘गळकं जाळं’ म्हणू.

जर्मनीतल्या रोस्टॉक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी असं जाळं बनवलं आणि २०२१ मध्ये त्याची हकिगत छापली. तारांऐवजी त्यांनी काचेच्या धाग्याची दोन वेटोळी घेतली, एक जरासं लांब. त्यांत प्रकाशाचे ठिपके गोल गोल फिरवले. लांबच्या वाटेने गेलेला ठिपका उशिरा येणार, हो ना? उशिरा आला की एक घर उजवीकडे, लवकर आला की एक घर डावीकडे! ठिकरीचा खेळच म्हण ना! आणि घराघरात थोडा उजेड गळणार.

ओळख, काय दिसलं? उजेड एका जागी बसला. बसला, बसला... आणि टुणकन लांबच्या घरात! मधली घरं जवळजवळ अंधारीच!

कसं काय? दिवाळीतल्या पणत्या आठव. पायरीवरची पणती मोठी, पण तिला चीर गेलीय, तेल गळतंय. कोपऱ्यात एक इवलीशी, तिच्याकडे कुणी बघतही नाही. थोड्या वेळाने मोठी विझते. गच्चीवरून बघणारा ओरडतो, “अरे, उजेड कोपऱ्यात गेला!”

गेला कुठला? तो आधीच तिथे होता, मिणमिणत! जाळ्यातही उजेडाचा एक चिमुकला अंश आधीच लांब पोचलेला असतो. तिथे गळती कमी. इकडचा तगडा उजेड गळून जातो आणि तो चिमुकलाच सगळ्यांत ठळक दिसायला लागतो.

मग उडी मारली कुणी? कुणीच नाही!