मांजरासाठी गाय, गाईसाठी माणूस

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेहून सेवाग्राम फार लांब नाही. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले. आश्रमातली आदि निवासाची मातीची कुटी पाहताना विश्वास बसत नाही, की याच माणसाने विद्यार्थी असताना लंडनमध्ये 19 शिलिंगांची उंच टोपी आणि बाँड स्ट्रीटवर शिवलेला 10 पौंडांचा सूट घेतला होता! टाय बांधण्यात आणि भांग पाडण्यात रोज दहा मिनिटे आरशासमोर जात.

हे आपल्याला कळते कसे? त्यांनीच ते 'सत्याचे प्रयोग'मध्ये हसत हसत लिहून ठेवले आहे. सभ्य गृहस्थाला नाचता आले पाहिजे, म्हणून नाचाची शिकवणी. पियानोचा ताल कळेना, म्हणून कान तयार करायला व्हायोलिन. शिवाय वक्तृत्वाचा शिक्षक. इथे त्यांना आपल्याकडची बैराग्याची गोष्ट आठवते: उंदरांसाठी मांजर, मांजरासाठी गाय, गाईसाठी गुराखी.

या गोष्टीची ताकद थक्क करणारी आहे. तिच्यातली प्रत्येक पायरी अगदी पटण्यासारखी आहे, मांजराला दूध तर लागणारच! पण साखळी एका दमात सांगितली की हसू फुटते आणि त्या हसण्यातच पहिली, कधीच न तपासलेली समजूत उघडी पडते. गांधीजींच्या साखळीत ती अशी: सभ्यपणा पोशाखात आणि नाचात असतो. एरवी समजुतीवर कोणी बोट ठेवले की आपण तिची वकिली करू लागतो. स्वतःच हसलो, तर वकिली कोणापुढे करणार?

पण सगळ्याच श्रद्धा हसण्याने गळून पडत नाहीत. गांधीजींनी दूध न पिण्याचे व्रत घेतले होते. आजारपणात कस्तुरबांनी सुचवले, की शेळीचे दूध चालेल. व्रत घेताना मनात फक्त गाय आणि म्हैस होती, या आधारावर ते प्यायले. हे लिहिताना मात्र ते हसत नाहीत. व्रताची अक्षरे पाळली, आत्मा दुखावला, ही बोच ते कबूल करतात. टोपीची समजूत हसण्यात विरली, व्रत उरले.

1925 ते 1929 या काळात, लाखो लोक त्यांना महात्मा म्हणत असताना, हे सारे त्यांच्याच साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने छापून येत होते. आपल्यातल्या कुणालाही ही परीक्षा घेता येईल. स्वतःची ठाम समजूत घ्यावी, तिच्यापायी काय काय केले ते ओळीने मोठ्याने सांगावे, आणि हसू कुठे फुटते, कुठे आटते, ते नीट पाहावे.