जुन्या कापडी विमानाचं कापड उतरवल्यावर आत काय सापडतं?

लांबून ते पत्र्याचं वाटतं, पण टिचकी मारली की ढोलासारखं वाजतं. 'पायपर जे-३ कब' हे दोन आसनी विमान अमेरिकेत १९३८ ते १९४७ या काळात जवळपास २० हजारांच्या संख्येने तयार झालं. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर सुती कापड आणि कापडावर 'डोप' नावाच्या द्रावणाचे थर. डोप वाळताना कापड आक्रसून ताठ होतं.

उन्हाने हे कापड जीर्ण होतं, ते बदलता येतं. खरी भीती असते त्याच्याखाली काय झालंय याची. ते कळायला विमान पूर्ण उघडावंच लागतं.

सुरुवात पंखांपासून. कबची मूळ इंधन टाकी पंखात नसून वैमानिकापुढच्या भागात असते, त्यामुळे काम तुलनेने सोपं. पण क्रम चुकवून चालत नाही. पंखाला खालून तिरका आधार देणारे दांडे, म्हणजे स्ट्रट, सोडवण्याआधी पंखाचं टोक कुणीतरी पेलून धरावं लागतं. नाहीतर पंख थेट जमिनीवर! हे स्ट्रट आतून गंजतात आणि बाहेरून ते दिसत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या 'एफएए' या नियामक संस्थेने पायपरच्या जुन्या स्ट्रटची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली आहे.

मग कापड कापतात. सुरी बेतानेच चालवायची, कारण सुरुवातीच्या कबमध्ये पंखाचे मुख्य वासे लाकडी होते. पूर्वी कधी पंखाचं टोक जमिनीवर आपटलं असेल, तर या वाशांत केसाएवढी बारीक चीर सापडू शकते. डोप नायट्रेट प्रकारचा असेल तर तो झटकन पेट घेतो, त्यामुळे जवळपास ठिणगीही नको. उतरलेलं कापड मात्र लगेच फेकत नाहीत. कुठे शिवण होती, कुठे भोक होतं, याचा तोच नकाशा. शिवाय प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि प्रत्येक बोल्टला चिठ्ठी.

सर्वाधिक गंज सापडतो शेपटीकडच्या खालच्या नळ्यांत. कब शेपूट टेकवून उभं राहतं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी तिथेच साचतं. वरून धड दिसणाऱ्या नळीला टोच्याने दाबलं की कधीकधी तो आरपार जातो. मग तो तुकडा कापून नवी नळी वेल्ड करतात.

नवं कापड आता बहुधा पॉलिस्टरचं असतं आणि ते चक्क इस्त्रीने ताणून बसवतात. त्याआधी तज्ज्ञ सांगाडा पुन्हा एकदा तपासतो, कारण नंतर आत डोकावायला उरतात फक्त तळहाताएवढी भोकं.