फुकटाचं कुंपण

बारकोडचा लेख पुढच्या आठवड्यात. कबूल केलं होतं, पण मध्येच शीव कोळीवाड्याहून एका बाईंचं पत्र आलं आणि ते बाजूला सारून पुढे जाववेना. सासूबाई मसाला करतात: बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची, देठ खुडून, उन्हं देऊन, भाजून, डंकावर कुटून. सूनबाई तो पाकिटांत भरून पार विरारपर्यंत पोचवतात. फेब्रुवारी ते मे हंगाम, त्यात हाताखाली आणखी चार-पाच जणी. आजवर हिशेब वहीत आणि ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर. आता एका सल्लागाराने ओडू या ईआरपीच्या, म्हणजे विक्री-गोदाम-हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पैसेवाल्या आवृत्तीचं कोटेशन दिलंय, माणशी दरमहा इतके. आणि इंजिनीअरिंगला असलेला भाचा म्हणतो, "मामी, फुकटची आवृत्ती आहे ना, मी टाकून देतो." फुकट घेऊ की विकत, एवढंच त्यांना विचारायचंय. ताजा कलम असा: "कोळंबी कोळीवाडा आमच्या नावावर खपते, पण ती कॅम्पातल्या पंजाबी मंडळींची. आमचा मसाला वेगळा." मान्य. फाळणीनंतर इथे वसलेल्या पंजाब्यांनीच ती कोळंबी गाजवली.

अशा वेळी लोक दोन्ही आवृत्त्यांचा तक्ता मागवतात. इकडे बरोबरच्या खुणा, तिकडे फुल्या. तो तक्ता विकणाऱ्याने केलेला असतो, म्हणून मी तो शेवटी बघतो. आधी शोधायचं ते कुंपण: फुकट नेमकं कुठे संपतं, आणि आपला धंदा त्या जागेला कधी पोचणार. प्रत्येक कंपनीने ते वेगळ्याच ठिकाणी घातलेलं असतं, आणि कुठे घातलंय यावरून तिचा स्वभाव कळतो.

टॅलीने ते तारखेवर घातलं. स्टेशनजवळच्या क्लासात टॅली शिकलेल्या कोणालाही विचारा. परवाना न घेता एज्युकेशनल मोडमध्ये जवळजवळ सगळं चालतं, फक्त नोंद महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच करता येते. शिकणाऱ्याला एवढं पुरतं, धंदा करणाऱ्याला नाही. इतकं नेमकं कुंपण मी दुसरं पाहिलेलं नाही. तरी आपली माणसं त्यावरूनही उडी मारतात. महिन्याची सगळी विक्री १ तारखेला आणि सगळी खरेदी २ तारखेला दाखवणारी पुस्तकं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. जीएसटीत बिलाची तारीख हा गमतीचा विषय नाही. सीए ती पुस्तकं उघडतो, कपाळाला हात लावतो आणि सगळं पुन्हा भरून घेतो. त्याची फी धरली तर परवाना त्याच वेळी घेतलेला स्वस्त पडला असता. टॅलीच्या परवान्याची एक गोष्ट मात्र मला आवडते. एकदा घेतला की तो कायमचा. टीएसएस ही वार्षिक वर्गणी भरली नाही तर नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सोयी थांबतात, पण आपली पुस्तकं उघडायची थांबत नाहीत.

झोहो बुक्सचं कुंपण उलाढालीवर आहे. भारतात वर्षाला २५ लाखांच्या आतल्या धंद्याला ते फुकट. आता हा आकडा जीएसटीच्या मर्यादेशेजारी ठेवून बघा. महाराष्ट्रात, राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला नोंदणी बंधनकारक होते ती ४० लाखांनंतर. म्हणजे विवरणपत्रांचं खरं लचांड मागे लागेपर्यंत बहुतेक दुकानदार कुंपणाच्या पलीकडे, पैसे भरणाऱ्यांत गेलेला असतो. यात लबाडी नाही, हिशेब आहे, आणि तो उघडा आहे.

आता ओडू. याची कहाणी जरा ऐकण्यासारखी. फाबियाँ पिंकार्स या बेल्जियन तरुणाने २००५ मध्ये टायनी ईआरपी सुरू केलं, पुढे त्याचं ओपन ईआरपी झालं, २०१४ मध्ये ओडू. तोवर सगळं मुक्त, सगळं एकच. २०१५ मध्ये नववी आवृत्ती आली आणि घराची वाटणी झाली: कम्युनिटी फुकट, एंटरप्राइझ विकत. वाटणीत काय कोणाकडे गेलं ते बघण्यासारखं आहे. विक्री, खरेदी, गोदाम, उत्पादन हे सगळं कम्युनिटीकडे राहिलं, आणि तेही चांगल्या दर्जाचं. मसाल्याच्या घाण्याला बॅच नंबर, मुदतीची तारीख, कोणत्या मालात काय किती पडलं याचं बिल ऑफ मटेरियल, हे सगळं फुकटात मिळतं. पण बिल फाडता आलं तरी ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि आजच्या आवृत्तीत बँकेची जुळवणी कुंपणापलीकडे. जीएसटीच्या विवरणपत्रांचे अहवाल तिकडेच. बारकोडचं अ‍ॅपही तिकडेच.

भाच्याने हे पाहिलं असेल. त्याने न पाहिलेलं कुंपण वेगळं आहे, आणि ते काळावर आहे. ओडू दरवर्षी नवी मोठी आवृत्ती काढतं आणि प्रत्येकीला तीन वर्षं सांभाळतं. एंटरप्राइझवाल्याचा डेटा नव्या आवृत्तीत नेऊन देणं वर्गणीतच येतं. कम्युनिटीवाल्याला ही वाट नाही. ओडू कम्युनिटी असोसिएशनचे स्वयंसेवक ओपनअपग्रेड चालवतात, मनापासून चालवतात, पण त्याला हात घालायला जाणकार माणूस लागतो. भाचा आज तिसऱ्या वर्षाला असेल तर तीन वर्षांनी तो पुण्यात, बंगळुरात किंवा टेक्सासात असेल आणि मामीच्या घरी मुदत संपलेली आवृत्ती. कम्युनिटीत अडकलेल्यांची जी प्रकरणं माझ्याकडे येतात, त्यांतली बहुतेक ताळेबंदापाशी नाही, या अपग्रेडपाशी अडलेली असतात. उलट बाजूही सांगायला हवी: परवान्याप्रमाणे एंटरप्राइझ वर्गणी चालू आहे तोवरच वापरायचं. म्हणून सल्लागाराला विचारायचा प्रश्न असा: पैसे भरणं थांबवलं त्या दिवशी माझ्या हातात काय राहतं?

चौथं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे, आणि त्यावर माझा जीव आहे हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. रुषभ मेहतांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी ईआरपी हवं म्हणून खटपट सुरू केली, त्यातून २००८ मध्ये फ्रापे कंपनी आणि पुढे ईआरपीनेक्स्ट. परवाना जीपीएल, म्हणजे कोड मुक्त. इथे पैसेवाली आवृत्ती अशी नाहीच. जो कोड झेरोधासारखी कंपनी वापरते तोच मसाल्याच्या दुकानाला. मग कुंपण कुठे? सर्व्हरवर. स्वतः चालवा, फुकट. आमच्याकडून चालवून हवं असेल तर भाडं द्या. आणि एक छोटं फाटक जीएसटीवर: त्यासाठीचं इंडिया कंप्लायन्स हे जोडअ‍ॅपही मुक्तच, पण ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल थेट सरकारी यंत्रणेत धाडायचं तर क्रेडिट विकत घ्यावी लागतात. या बाईंना तूर्त ई-इन्व्हॉइसची फिकीर नको, त्याची सक्ती ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला आहे.

"स्वतः चालवा" हे दोन शब्द फार महाग आहेत. शीवच्या सखल भागात पाणी कसं भरतं ते गांधी मार्केटवाल्यांना विचारा. तळमजल्याच्या खोलीत मसाल्याच्या पोत्यांशेजारी ठेवलेला सर्व्हर जुलैत काय करील याचा विचार भाच्याने केलेला नसतो. रोजचा बॅकअप, सुरक्षेच्या दुरुस्त्या, वीज गेल्यावरची उठाठेव, हे कोणीतरी करायलाच लागतं. कोणी नसेल तर भाडं द्या आणि स्वस्थ झोपा.

माणशी दराचाही एक पदर आहे. सल्लागाराने कोटेशन तिघांचं दिलंय. हंगामात नोंद करणाऱ्या सात-आठ होतील. मग काय होतं? सगळ्याजणी एकाच लॉगिनने शिरतात. पैसे वाचतात, पण कोणत्या घाण्याचं वजन कोणी लिहिलं हे कायमचं पुसलं जातं. मिरचीचे देठ गेले, भाजताना ओल गेली, डंकावर थोडं सांडलं, तेव्हा घट किती आणि चूक किती हे ज्या नोंदीवरून कळणार तीच निनावी. मसाल्याच्या धंद्यात नफा या घटीतच मुरलेला असतो. ईआरपीनेक्स्टमध्ये बिल ऑफ मटेरियललाच घटीचा रकाना आहे आणि माणसं मोजून पैसे नाहीत, म्हणून या धंद्याला ते जास्त बसतं असं माझं मत.

उद्या दोघी मिळून प्रायव्हेट लिमिटेड काढणार असतील तर एक अडचण. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, आणि ती बंद करता येता कामा नये. मुक्त कोड आपल्याच सर्व्हरवर, डेटाबेसची किल्ली भाच्याकडे, असं असेल तर ऑडिटर भुवया उंचावणार, आणि त्याचं चूक नाही. एकल मालकीला हा नियम लागू नाही.

तर बाई, तुमच्यासाठी असं: हिशेबाची पुस्तकं तुमचा सीए ज्यात मागतो त्यातच राहू द्या, म्हणजे बहुधा टॅलीत, रीतसर परवान्यासह. माल, घाणे आणि ऑर्डरींसाठी भाड्याच्या सर्व्हरवर ईआरपीनेक्स्ट, आणि तेही हंगाम उलटल्यावर, जूनमध्ये. मिरची अंगणात वाळत असताना नवं सॉफ्टवेअर कोणी शिकत नाही. तोवर वहीत एक रकाना वाढवा: प्रत्येक घाण्याचं भाजण्याआधीचं आणि कुटल्यानंतरचं वजन. भाच्याला हातची कामं हवीच असतील तर बॅकअप रोज दुसरीकडे उतरवून घेण्याचं त्याच्याकडे द्या.

सासूबाई तराजूवरचा आकडा वहीत लिहायला तयार होतील का, हे मात्र तुम्हीच कळवा. बारकोडच्या लेखात त्याचा उपयोग होईल.