दोन भोकं की तीन?

क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लावून पेडलमध्ये अडकवायचा तुकडा, चवड्याखाली नेमकी कुठे बसवायची ते या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढच्या वेळी. साताऱ्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न आधी सुटायला हवा. त्यांनी जुनी रोड बाइक घेतली, तिला शिमानोची एसपीडी पेडलं होती, सोबत क्लीटही मिळाल्या. मग सवलतीत दिसले म्हणून बूट मागवले. बूट पायाला छान बसले, पण तळाला त्रिकोणात तीन भोकं, आणि हातातल्या क्लीटला दोनच बोल्ट. दिवाळीनंतर त्यांची पहिली २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, आहे. त्या विचारतात, बूट बदलू, पेडल बदलू, की मधे एखादी पट्टी टाकून भागेल?

असा घोळ बुटापासून खरेदी सुरू केली की हमखास होतो. आधी ठरवायचं ते हे, की सायकलवरून उतरल्यावर आपण किती चालणार आणि कशावर चालणार. त्यावरून पेडल ठरतं. पेडलच्या खोक्यात बहुतेक वेळा त्याची क्लीट असतेच. बूट सर्वांत शेवटी, त्या क्लीटला घेणारा.

आणि भोकं जुळली म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. शिमानोची एसपीडी-एसएल आणि लूकची केओ, दोन्ही क्लीट तीन बोल्टच्या, दोन्ही एकाच बुटाला लागतात. पण एकीची क्लीट दुसरीच्या पेडलमध्ये चालत नाही. क्रँकब्रदर्सची पितळी क्लीट दोन बोल्टच्या बुटाला मुकाट बसते, एसपीडी पेडल मात्र तिला धरत नाही. म्हणून मित्राकडून जुन्या क्लीट घेताना त्या कुठल्या पेडलच्या, एवढं विचाराच.

दोन भोकांचं आणि तीन भोकांचं अशी ही दोन घराणी झाली कशी, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फ्रान्समधल्या नेव्हेर गावची लूक ही कंपनी मूळची स्कीच्या बाइंडिंगची. बर्फावर घसरणाऱ्याचा बूट घट्ट धरायचा आणि पडताना पाय पिळला की सोडून द्यायचा, हे तिचं कसब. तेच तिने १९८४ मध्ये पेडलवर आणलं. त्याआधी १९७१ चं चिनेल्लीचं एम-७१ होतं, पण त्यातून सुटायला हात खाली नेऊन पेडलवरची खिट्टी सरकवावी लागे. लूकचं पेडल टाच वळवली की सुटायचं. १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार इनोने याच पेडलवर जिंकली, त्याची ती पाचवी. संघ उद्योजक बर्नार तापीचा, आणि लूकही तेव्हा तापीच्याच मालकीची. जाहिरात यापेक्षा मोठी काय असणार! तीन भोकांचं घराणं ते हे. रुंद प्लॅस्टिकची क्लीट, कडक गुळगुळीत तळ, पायाचा जोर मोठ्या जागेवर पसरतो. शर्यतीतला सायकलस्वार चालतो किती? बसपासून सायकलपर्यंत.

१९९० मध्ये शिमानोने एसपीडी काढलं ते माउंटन बाइकसाठी. तिथे चढावर सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं, पायाखाली चिखल आणि दगड. म्हणून क्लीट लहान, पोलादी, आणि बुटाच्या रबरी तळात खोल बसवलेली, म्हणजे चालताना जमिनीला रबर टेकतं. मला या शोधाचं फार कौतुक आहे, लूकपेक्षाही जास्त. चालता येणारा बूट देऊन त्यांनी बूट अडकवून धरणारं हे क्लिपलेस पेडल शर्यतीबाहेरच्या माणसांना खुलं केलं.

तर ताई, पेडल बदलू नका. बूट बदला.

बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, आणि त्या वेळात माणूस बराच चालतो. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घ्यायचा, पेट्रोल पंपावरच्या ओल्या फरशीवरून पाणी भरायला जायचं, टपरीमागच्या खडीतून पंक्चर काढायला झाडाखाली बसायचं. तीन बोल्टची प्लॅस्टिक क्लीट यात झिजते आणि फरशीवर दगा देते. तुमच्याकडे यवतेश्वरच्या चढावर पाय उतरवावा लागला तर खालच्या रेतीवर तो ठरला पाहिजे. पावसाळ्यात चालवणाऱ्यांसाठी एक आवडती शिफारस: शिमानोच्या एसपीडी सँडलही येतात. मोजे भिजण्याचा प्रश्नच मिटतो.

पट्टीचं म्हणाल, तर तीन भोकांवर दोन बोल्टची क्लीट बसवणारा अॅडॅप्टर मिळतो आणि कामही करतो. पण पोलादी क्लीट मग गुळगुळीत तळाच्या बाहेर उभी राहते, भोवती रबर नाही. चालताना ती ओल्या फरशीवर प्लॅस्टिकपेक्षाही जास्त घसरते. म्हणजे ज्यासाठी एसपीडी घ्यायचं तेच हातचं जातं. उलट बाजूने, दोन भोकांच्या बुटाला तीन बोल्टची क्लीट जमवायच्या फंदात कोणीच पडू नये. काही तळांना पाचही भोकं असतात, तेवढे बूट दोन्हीकडे चालतात.

नवा बूट घेताना मात्र एक गोष्ट तपासा, ती दुकानात सहसा कोणी सांगत नाही. क्लीटच्या दोन्ही बाजूंना रबराच्या ज्या जाड धारी असतात, त्या फार उंच असल्या तर पेडलच्या अंगावर आधी टेकतात आणि क्लीट जबड्यात पुरती उतरतच नाही. कधी आवाज न करताच बसते, कधी बसते पण सुटताना अडते. तपासणी सोपी आहे. क्लीट लावलेला बूट हातात घेऊन पेडलमध्ये दाबा आणि टाच डावी-उजवी हलवा. थोडी मोकळीक बोटांना जाणवली पाहिजे. रबर पेडलवर घासून करकरत असेल तर क्लीटखाली पातळ शिम घाला, किंवा धारदार पात्याने रबर थोडं थोडं खरवडा. अगदी जरासं टेकलं तर बरंच, पाय डुगडुगत नाही.

क्लीटही एसएच-५६ घ्या. पेडलसोबत बहुधा एसएच-५१ येते, ती टाच आडवी वळवली तरच सुटते. ५६ मात्र घाबरून पाय तिरका वर ओढला तरी सोडते. पोवई नाक्याच्या गर्दीत पहिले काही महिने हे फार मोलाचं आहे. शिवाय पेडलच्या मागच्या बाजूचा लहान स्क्रू ३ मिलीमीटरच्या अॅलन कीने सैल करून ठेवा. त्याने स्प्रिंगचा ताण कमी होतो.

आता बसवणं. बुटातलं आतलं सोल काढलंत की एक चिकटपट्टी आणि तिच्याखाली मागे-पुढे सरकणारी पोलादी पट्टी दिसेल. तिला आटे पाडलेली चार भोकं असतात. पुढची जोडी वापरायची की मागची, हे पुढच्या आठवड्यात. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, ४ मिलीमीटरची अॅलन की, ५ ते ६ न्यूटन मीटर. इथे कंटाळा करू नका. बोल्ट सैल राहिला तर क्लीट पेडलमध्ये अडकून राहते आणि बूट तिच्याभोवती नुसता फिरतो. टाच वळते, पाय सुटत नाही, आणि सिग्नलला माणूस आडवा होतो. पहिल्या राइडनंतर बोल्ट पुन्हा एकदा आवळा.

तीन भोकांचे बूट ताईंनी परत करावेत, किंवा शर्यतीत उतरणाऱ्या कोणाला द्यावेत. ज्यांच्याकडे एसपीडी-एसएल आधीच आहे त्यांनी तूर्त पिवळी क्लीट लावावी. तिला ६ अंशांची मोकळीक आहे, गुडघ्याला ती मानवते. लाल क्लीटला मोकळीक अजिबात नाही, तिच्याकडे इतक्यात वळू नका.

पुढच्या आठवड्यासाठी एवढी तयारी करून ठेवा: बूट घालून उभे राहा, अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूचं हाड बोटाने चाचपा आणि त्यासमोर बुटाच्या बाहेर पेनाने खूण करा. करंगळीच्या मुळाशीही तशीच. दोन्ही बुटांवर, कारण दोन्ही पाय सारखे नसतात.